मुंबई बंदरात शिरणारी आगबोट रंगवताना आधी तिथी, वारा आणि वेळ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: १९३०च्या दशकातला एक कृष्णधवल फोटो हाती आहे. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची पांढऱ्या अंगाची, तीन धुराड्यांची प्रवासी बोट मुंबई बंदरात शिरते आहे. त्यावरून तीन फूट बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर तैलचित्र सुरू केलं. पण बोट पाण्यावर चिकटवल्यासारखी दिसते, आणि बंदराची गजबज दाखवायला मचवे, शिडाच्या होड्या, टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या छोट्या बोटी) वाढवत गेलं की चित्र विस्कटतं. काय करावं?

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. बोट फोटोवरून आली, पाणी मनानं रंगवलं, होड्या आणखी चार ठिकाणच्या फोटोंतून उचलल्या. त्यामुळे चित्रातल्या प्रत्येक वस्तूची वेळ वेगळी, वारा वेगळा, भरती-ओहोटी वेगळी. खऱ्या बंदरात असं कधीच होत नाही. तिथे एका क्षणी एकच वारा वाहतो, पाण्याची ओढ एकाच दिशेला असते आणि सूर्य एकाच ठिकाणी असतो. हजार टनांची बोट असो की दोन माणसांची होडी, सगळ्यांना तेच मानावं लागतं. बघणाऱ्याला यातलं काही नावानिशी सांगता येत नाही, पण विसंगती त्याच्या डोळ्याला खुपते. म्हणून रेखाटनाला हात घालण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहून काढा: तिथी (तिच्यावरून भरती-ओहोटी कळते), घड्याळातली वेळ आणि वाऱ्याची दिशा. कित्येक वर्षं बोटी रंगवूनही मी हे लिहिल्याशिवाय कॅनव्हास लावत नाही.

आधी बोट ओळखू या. पांढरं अंग आणि तीन धुराडी म्हणजे 'स्ट्रॅथनेव्हर' किंवा तिची जुळी बहीण 'स्ट्रॅथएर्ड'. पहिली १९३१ साली सेवेत आली, दुसरी १९३२ साली. दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या मार्गावरच्या, वाटेत मुंबईला थांबणाऱ्या. लांबी सुमारे २०२ मीटर, रुंदी सुमारे २४ मीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ साडेआठपट. तिरप्या कोनातून बोट काढताना हे गुणोत्तर हमखास बिघडतं आणि बोट आखूड, पोटाळ दिसू लागते. म्हणून २०२ बाय २४चा एक लांबोडका खोका यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमांनी आधी काढा आणि बोट त्याच्या आत बसवा. डेकची रेघ सरळ नसते. ती नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, आणि मागच्या टोकाकडे हलकी वर चढते. पट्टीनं सरळ ओढली की बोटीचा जीवच जातो.

धुराड्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. तीनपैकी फक्त मधलं धुराडं खरं होतं. पुढचं आणि मागचं दिखाव्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत दोन्ही बोटींवरून ती काढून टाकली गेली. त्यामुळे तुमच्या चित्रात धूर निघेल तो मधल्या धुराड्यातूनच, आणि तोही विरळ, कारण या बोटी तेलावर चालत. दाट काळा धूर कोळशावर चालणाऱ्या टगचा. पांढरी शुभ्र बोट आणि बाजूला टगचा काळपट लोट हा विरोध इतिहासानंच तुम्हाला देऊन ठेवला आहे, तो वापरा.

फोटोच्या छटांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्या काळच्या पुष्कळ फिल्म लाल-पिवळ्या रंगांना कमी प्रतिसाद देत आणि निळ्याला जास्त. त्यामुळे पी अँड ओची फिक्या पिवळसर रंगाची धुराडी फोटोत मध्यम करडी, कधी चक्क गडद दिसतात आणि आकाश कोरं पांढरं येतं. फोटोतली करडी छटा जशीच्या तशी रंगात उतरवलीत तर धुराडी तपकिरी होतील. उन्हात ती उजळ, उबदार पिवळी हवीत.

आता तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवा. मुंबई बंदराचं तोंड नैर्ऋत्येला आहे. बोट डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्ज दीपगृह ठेवून आत येते आणि मग साधारण ईशान्य-उत्तरेचा रोख धरून बॅलार्ड पिअर या धक्क्याकडे सरकते. शहर तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला. अपोलो बंदरावर, म्हणजे गेटवेपाशी, उभं राहून पूर्वेकडे पाहिलंत तर बोट उजवीकडून डावीकडे जाईल आणि मागे घारापुरी, करंजाचा डोंगर अशी फिकट निळी पार्श्वभूमी मिळेल. इथून सकाळी सूर्य समोर येतो, बोटीची काळी आकृती उरते. संध्याकाळी सूर्य पाठीशी असल्यानं बोट सोनेरी उजळते. उलट, तुम्ही बंदराच्या मधोमध एका मचव्यात बसून पश्चिमेकडे पाहत असाल तर बोट डावीकडून उजवीकडे जाईल आणि मागे शहर येईल: कुलाबा, ताजचा घुमट, गेटवे, फोर्टातल्या इमारतींवरून डोकावणारा राजाबाई टॉवर. गेटवे १९२४ साली पुरा झाला, ताज १९०३ सालचं, टॉवर १८७८चा. तेव्हा १९३०च्या दशकात हे सगळं दाखवायला हरकत नाही. नंतरच्या उंच इमारती मात्र आजच्या फोटोवरून नकळत आत येतात. त्या कटाक्षानं गाळा.

तुमच्यासाठी मी यातली दुसरी, मचव्यातली जागा निवडेन, आणि वेळ हिवाळ्यातली सकाळी नऊच्या सुमाराची. याला कारण आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेच्या अंगानं उगवतो. उगवत्या उन्हात बोटीची उजवी बाजू, म्हणजे तुमच्याकडची, समोरासमोर उजळते आणि सपाट दिसते. घडणच दिसत नाही. नऊपर्यंत सूर्य थोडा वर आणि थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो. मग लाइफबोटींच्या सावल्या तिरप्या पडतात, फिरायच्या डेकखाली गडद पट्टा उमटतो, नाळेचा फुगीरपणा कळतो. पांढऱ्या बोटीला आकार देणाऱ्या गोष्टी याच सावल्या आहेत. त्या नसतील तर कितीही खिडक्या काढा, बोट कागदी राहते.

या वेळी वारा कुठला? हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, साधारण ईशान्येकडून. दुपारी ती मरते आणि वायव्य-पश्चिमेचा खारा वारा सुटतो. नऊला मतलई अजून आहे, पण सौम्य झालेली. आपली बोट साधारण त्या वाऱ्याला सामोरी जाते आहे, म्हणून तिचा धूर आणि झेंडे मागच्या बाजूला, किंचित तुमच्यापासून दूर जातील. टगचा धूरही त्याच दिशेला कलेल. आणि शिडाच्या होड्या? मतलईवर बाहेर पडणं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतणं ही कोळ्यांची जुनी रीत. म्हणजे सकाळी शिडं बाहेर निघालेली असतील: वारा पाठीशी, शीड पूर्ण बाजूला पसरलेलं, डोलकाठी पुढे झुकलेली, शीड बांधलेली लांब आडकाठी, परबाण, तिरपी. आगबोट आत येते, शिडं बाहेर जातात. ही विरुद्ध गती रचनेसाठी मुद्दाम घडवावी लागत नाही, त्या वेळेला ती तिथे असतेच.

तिथीकडे येऊ. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी अकरा-बाराकडे जाते. आता बघा, अष्टमी धरली तर नऊ वाजता ओहोट चालू आहे. पाणी बाहेर निघालंय, वाराही बाहेरचाच, म्हणून होड्या सहज निघाल्या आहेत. नांगरावर असलेल्या सगळ्या बोटींची तोंडं पाण्याच्या ओढीला सामोरी, म्हणजे उत्तरेकडे; वाराही जवळपास तिकडूनच, त्यामुळे एकही बोट वेडीवाकडी उभी नाही. आगबोटीलाही धक्क्याला लागताना समोरून येणारी ओढ सोयीची पडते, कारण कमी वेगातही सुकाणू काम देतं. सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या.

पौर्णिमा धरलीत तर हेच चित्र पालटतं. नऊ वाजता भरती चढत असेल, पाणी आत आणि वारा बाहेर. मग लाटा आखूड, टोकदार उठतात आणि हलक्या होड्या नांगरावर वाऱ्यानं एकीकडे तर जड पडाव पाण्याच्या ओढीनं दुसरीकडे वळतात. ते दृश्य सुंदर असतं, पण अवघड. तुमच्या पहिल्या प्रयत्नाला अष्टमी बरी. अष्टमीला भांगेची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते हेही ध्यानात ठेवा: मुंबईत उधाणाला पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढतं-उतरतं, भांगेला दीड मीटरच्या आसपास. म्हणून धक्क्याच्या भिंतीवर ओला, शेवाळलेला काळपट पट्टा दिसेल, पण अरुंद.

आता 'चिकटवल्यासारखी' या शब्दाकडे. बहुतेक वेळा त्याचा दोष क्षितिजात असतो. नियम सोपा आहे आणि तरी फार थोडे पाळतात: तुमचा डोळा पाण्यापासून जितका उंच, तितक्याच उंचीवर क्षितिज प्रत्येक बोटीला कापतं, ती जवळ असो की दूर. तुम्ही मचव्यात उभे आहात, डोळा पाण्यापासून समजा अडीच मीटरवर. मग जवळच्या होडीतल्या उभ्या माणसाचं डोकं जवळपास क्षितिजाला टेकेल, दूरच्या होडीतल्याचंही तिथेच. आगबोटीचं अंग मात्र क्षितिजाच्या खाली फक्त अडीच मीटर असेल. बाकी सगळं वर, आकाशात आणि शहरावर. म्हणजे बोट तुमच्यावर झुकलेली, भव्य दिसायला हवी. तुमच्या फोटोतली बोट बहुधा उंचावरून, धक्क्यावरून किंवा दुसऱ्या जहाजावरून टिपलेली आहे आणि होड्या तुम्ही पाण्यालगतच्या नजरेनं काढल्या आहेत. दोन क्षितिजं एकाच चित्रात आली की बोट चिकटवलेलीच दिसणार. शहराच्या मागे खरं क्षितिज लपतं, म्हणून ती रेघ पेन्सिलीनं कॅनव्हासभर ओढा आणि प्रत्येक होडी तिच्याशी ताडून पाहा.

प्रमाणाची आणखी एक खूण: गेटवेची उंची सुमारे २६ मीटर. बोट त्याच्या पावणेआठपट लांब आहे आणि गेटवेपेक्षा तुमच्या जवळही आहे. चित्रात गेटवे बोटीच्या लांबीच्या आठव्या भागाहून लहानच हवा. मुंबईची ओळख पटावी म्हणून लोक तो मोठा करतात आणि बोट बिचारी फेरीबोट होऊन जाते.

चिकटवल्याचं दुसरं कारण पाणरेषा. बंदरात शिरणारी बोट सावकाश असते, पाच-सहा नॉट. नाळेपाशी फेसाचा मोठा मिशा-फुटल्यासारखा झोत दाखवणं ही भर समुद्रातली गोष्ट झाली. इथे नाळेपाशी फक्त एक पातळ वळ, त्यापासून मागे जाणाऱ्या दोन-तीन तिरप्या, मंद लाटा, आणि मागे बऱ्याच अंतरापर्यंत गुळगुळीत झालेली वाट. आपलं बंदर उथळ आणि गाळाचं, पंख्यांनी ढवळलेलं पाणी त्या वाटेत फिकट मातकट दिसतं. हा मातकट पट्टा मला फार प्रिय आहे. त्यानं बोट कुठून आली हे कळतं आणि ती खरोखर पाण्यात बुडालेली आहे हेही पटतं. पाणरेषेची कड सलग, धारदार ठेवू नका. चार ठिकाणी पाण्याचा रंग अंगावर चढू द्या, दोन ठिकाणी अंगाचा रंग पाण्यात उतरू द्या.

पाण्याचा रंग निळा नको. मुंबई बंदराचं पाणी निळं क्वचितच असतं. ते हिरवट-करडं, ओहोटीला मातीकडे झुकणारं. माझं मिश्रण बहुधा रॉ अंबर, अल्ट्रामरीन, थोडा यलो ऑकर आणि पांढरा; जवळच्या पाण्यात चिमूटभर व्हिरिडियन. दूर जाताना हिरवेपणा आणि उब दोन्ही कमी करत न्या. गढूळ पाण्याचा एक विशेष असा की त्यावर सावली खरोखर पडते. नितळ पाण्यात सावली जवळजवळ दिसत नाही, फक्त प्रतिबिंब दिसतं. गाळाच्या पाण्यात दोन्ही दिसतात, आणि दोघांच्या दिशा वेगळ्या असतात. प्रतिबिंब सरळ तुमच्याकडे खाली येतं, सावली सूर्याच्या विरुद्ध जाते, आपल्या दृश्यात होड्यांच्या पलीकडे आणि उजवीकडे. एवढं एक सांभाळलंत तर मुंबईचं पाणी ओळखू येईल. प्रतिबिंबांचं म्हणाल तर पांढऱ्या वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून थोडं काळवंडलेलं आणि काळ्या वस्तूचं थोडं उजळ, हे कायम लक्षात असू द्या. पाण्यावर बारीक तरंग असल्यानं ती तुटक आणि लांबलेली असतील.

बोटीच्या पांढऱ्यासाठी ट्यूबमधला पांढरा सरसकट वापरू नका. उन्हातल्या भागात पांढऱ्यात कणभर ऑकर, सावलीत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची फिकी करडी, आणि नाळेच्या फुगाऱ्याखाली पाण्यातून उसळलेला हिरवट-पिवळा उजेड. शुद्ध पांढरा दोन-तीन जागी, अगदी शेवटी. खिडक्या मोजून काढायच्या नाहीत. नाळेकडच्या दहा-बारा नीट काढा आणि मागे जाताना त्या विरघळू द्या. हिवाळ्यातल्या सकाळी मुंबईवर धुरकट हवा असते, म्हणून २०२ मीटरच्या अंतरातसुद्धा मागचा भाग पुढच्यापेक्षा मऊ दिसतो.

गजबज कशी दाखवायची, हा तुमच्या प्रश्नाचा अधिक रसाळ भाग. गजबज होड्यांच्या संख्येनं येत नाही, एकमेकींना झाकणाऱ्या आकारांनी येते. शहराच्या पायथ्याशी, गोदीच्या बाजूला, डोलकाठ्या, धुराडी, क्रेन यांची एकच धूसर राखाडी पट्टी करा. त्यातून चार-पाच काठ्या तेवढ्या वर काढा. बघणारा उरलेलं स्वतः भरतो. मधल्या अंतरावर नांगरलेल्या पडावांचे आणि फतेमाऱ्यांचे (मालवाहू शिडाच्या गलबतांचे) दोन असमान पुंजके, एकात तीन, दुसऱ्यात एखादीच. जवळ फक्त एक होडी, तुमच्या मचव्याच्या अंतरावर, तिच्यातली माणसं स्पष्ट. टग मधल्या अंतरात नको. तो धक्क्याजवळ वाट पाहत असलेला बरा, कारण बोट तिथे पोचल्यावरच त्याचं काम.

आणि बोटीच्या पुढे मोकळं पाणी सोडा. हा रचनेचा सल्ला वाटेल, पण ती आधी बंदराची वस्तुस्थिती आहे. मोठ्या बोटीचा मार्ग खोल पाण्यातून ठरलेला असतो आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपली होडी त्या वाटेतून वेळीच बाजूला काढतो. गर्दीतही ती वाट मोकळी दिसते. तुमचं चित्र विस्कटतं ते याच जागी होड्या घातल्यामुळे, असा माझा अंदाज आहे. बोटीच्या लांबीच्या निम्म्याएवढं तरी पाणी नाळेपुढे रिकामं असू द्या, म्हणजे गजबज आपोआप दोन्ही काठांना सरकेल आणि बोटीला जायला जागा मिळेल.

कोणी म्हणेल, इतकं काटेकोर कशाला, इंग्रज चित्रकार टर्नरनं कुठे पाळलं? त्याच्या १८३९ सालच्या 'फायटिंग टेमरेअर'मध्ये जुनी युद्धनौका डोलकाठ्यांसकट ओढून नेली जाते आहे, प्रत्यक्षात त्या आधीच उतरवलेल्या होत्या. खरं आहे. पण टर्नर आयुष्यभर पाणी आणि जहाजं पाहत आला होता. काय मोडतोय हे त्याला पुरतं माहीत होतं आणि त्या एका बदलापायी बाकीचं पाणी, धूर, उजेड त्यानं खरा ठेवला. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८७२ साली फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराची सकाळ रंगवली तेव्हा तर बोटी जवळजवळ पुसूनच टाकल्या. पण त्याचा तांबडा सूर्य भोवतालच्या आकाशाइतक्याच उजळपणाचा आहे, फक्त रंगानं वेगळा, आणि म्हणून तिथलं धुकं आजही अंगाला लागतं. मुंबईच्या धूसर सकाळीसाठी हा धडा थेट उपयोगी आहे: शहर आकाशापेक्षा गडद करण्याआधी रंगाच्या उबेनं वेगळं करून पाहा.

आता हातात असलेल्या कॅनव्हासचं. तो टाकू नका. बोटीचं रेखाटन २०२ बाय २४च्या खोक्यात बसत असेल तर ती तशीच ठेवा आणि पाणी, होड्या, मागचं शहर हे सगळं चाकूनं खरवडून पातळ करा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन छटांत, गडद, मध्यम, उजळ, अशी चार-पाच टिपणं करा. प्रत्येकात होड्यांचे पुंजके वेगळे ठेवून बघा. डोळे बारीक करून लांबून पाहिल्यावर ज्यात बोट सर्वांत आधी दिसते ते निवडा. मग कॅनव्हासवर क्षितिजाची रेघ, त्याखाली सगळ्या पाण्याचा एकच पातळ मातकट थर, आणि तो ओला असतानाच बोटीच्या पाणरेषेवर काम. होड्या त्यानंतर. झेंडे आणि दोरखंड थर वाळल्यावरच. मागच्या काठीवरचा निशाण फोटोत नीट पाहून घ्या: ब्रिटिश व्यापारी जहाजाचा लाल, किंवा कप्तान नौदलाच्या राखीव दलाचा असून त्याला परवाना असेल तर निळा. डोलकाठीवर पी अँड ओचा पांढरा, निळा, लाल, पिवळा असा चार त्रिकोणांचा झेंडा. फोटो १९३४ किंवा नंतरचा असेल तर बंदराचा पायलट बोटीवर असल्याची खूण म्हणून अर्धा पांढरा, अर्धा लाल असा एक छोटा झेंडाही हवा. त्या वर्षापासून लागू झालेल्या संकेतांत त्याचा हाच अर्थ होता. तिन्ही झेंडे मतलईवर, मागे उडणारे.